चेंडू आत, पाय बाहेर: नव्या बास्केटबॉल पंचांसाठी

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या क्रीडाशिक्षकांचे फोन वाजायला लागतात. बास्केटबॉलला पंच कमी पडतात, मग कबड्डी-खो-खोवाल्या नाहीतर व्हॉलीबॉलवाल्या सरांच्या गळ्यात शिट्टी पडते. कॉलेजच्या टीममधून नुकताच बाहेर पडलेला एखादा पोरगाही 'तू खेळलेला आहेस ना, मग उभा राहा' म्हणून पुढे ढकलला जातो. ही मंडळी फाऊल वाचून येतात, ट्रॅव्हल (चेंडू धरून जास्तीची पावलं टाकणं) वाचून येतात, कारण धाकधूक त्याचीच असते. आणि पहिली बाचाबाची होते ती साईडलाईनवर. एकीकडून, "सर, मना पाय लाईनवर नही व्हता!" दुसरीकडून, "सर, चेंडू तर बाहेरच चालला होता ना!" त्या वेळी पालक, पोरांचे मित्र आणि कुंपणाबाहेरचा चहावाला असे सगळेच पंच असतात.

हा लेख त्या नव्या पंचासाठी आहे. खेळाडू बाहेर केव्हा धरायचा, चेंडू बाहेर केव्हा आणि कोणामुळे गेला, आपणहून मैदान सोडणाऱ्याचं काय करायचं, एवढाच विषय. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम चालतात, तेच इथे धरले आहेत. अमेरिकेत कुठे वेगळं असेल तर तसं सांगितलं आहे, कारण पोरं मोबाईलवर तिकडचेच सामने पाहतात आणि तिकडचाच नियम तुम्हाला सुनावतात.

हा सगळा कायदा स्पर्शावर उभा आहे. चेंडू कुठे चालला होता, खेळाडूच्या मनात काय होतं, कोणाची मेहनत जास्त होती, यावर निकाल ठरत नाही. कोणाचं अंग कशाला टेकलं आणि चेंडू कोणाला लागला, हे दोनच प्रश्न स्वतःला विचारत राहा.

१. जुन्या खेळाची रेषा डोक्यातून काढा

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू रेषेला नुसता चाटून गेला तरी आत. फुटबॉलमध्ये पूर्ण चेंडू रेषेपलीकडे जावा लागतो. कबड्डीत रेषा क्रीडांगणाचाच भाग. या तिन्हींतून आलेल्या माणसाचा डोळा रेषेला 'आपली' समजतो. बास्केटबॉलमध्ये उलट आहे. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, आणि हे माप रेषेच्या आतल्या कडेपासून घेतलेलं असतं. ५ सेंटिमीटर रुंदीची ती पट्टी मैदानात धरतच नाहीत. शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडला की आपण आपल्या कपाशीत नसतो, तसंच हे. बुटाच्या टाचेची कड पट्टीला टेकली तरी खेळाडू बाहेर.

दुसरी सवय हवेची. चेंडू रेषेवरून उडत पलीकडे गेला म्हणून तो बाहेर होत नाही. बाहेरच्या जमिनीला, वस्तूला किंवा बाहेर असलेल्या माणसाला लागेपर्यंत तो जिवंत आहे. नवा पंच इथे फार घाई करतो. चेंडू हातभर बाहेर दिसला की शिट्टी जाते, आणि तेवढ्यात आतून उडी मारलेल्या पोराने तो परत फेकलेला असतो. शिट्टी तोंडात ठेवा, पण फुंकायला चेंडू टेकायची वाट पाहा.

मधली रेषा मात्र वेगळ्या हिशेबाची आहे. ती बॅककोर्टमध्ये, म्हणजे संघाच्या स्वतःच्या बास्केटकडच्या अर्ध्या भागात मोजतात. तिचा विचार चेंडू मागे नेण्याच्या नियमात करायचा, इथे नाही.

२. सामन्याआधी मैदानाला एक चक्कर मारा

पुस्तकातलं मैदान आणि शाळेमागचं सिमेंटचं मैदान यांत फरक असतो. पावसाळ्यानंतर ऑइलपेंटच्या रेषा जागोजागी उडालेल्या असतात. कुणीतरी ऐनवेळी त्यावर चुन्याची फक्की मारतं, ती जुन्या रेषेवर नीट बसत नाही आणि एका कोपऱ्यात दोन-दोन रेषा दिसायला लागतात. अशा वेळी दोन्ही प्रशिक्षकांना आणि कर्णधारांना त्या कोपऱ्यापर्यंत घेऊन जा, कोणती रेषा धरायची ते बोट ठेवून सांगा. हे काम पाच मिनिटांत होतं. सामन्यात त्याच कोपऱ्यावर अर्धा तास जाऊ शकतो.

चक्कर मारताना वरही बघा. आपल्याकडच्या शाळांमध्ये सावलीसाठी लावलेलं कडुनिंब पुढे वाढून मैदानावर झुकतं. नियम असा आहे की मैदानाच्या वर असलेल्या कोणत्याही वस्तूला चेंडू लागला तर तो बाहेर. म्हणजे उंच मारलेला शॉट फांदीला लागून रिंगमध्ये पडला, तरी बास्केट नाही. ज्याने शेवटी हात लावला त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचा हक्क). हे आधी सांगितलेलं बरं. बास्केट झाल्यावर सांगाल तर कोणी ऐकणार नाही.

मग बोर्डाकडे या. बोर्डाची पुढची बाजू, वरची, खालची आणि आजूबाजूची कड खेळात आहे. बोर्डाची मागची बाजू आणि त्याला धरणारा सांगाडा, पोल, तिरप्या पट्ट्या हे सगळं बाहेर. नीट बांधलेल्या मैदानात पोल एंडलाईनपासून (बास्केटमागच्या रेषेपासून) किमान २ मीटर मागे असतो. जुन्या मैदानांत तो रेषेला खेटून रोवलेला दिसतो. तिथे गुंडाळलेली गादी किंवा पोती आहेत का ते पाहा, नसतील तर आयोजकांना बांधायला लावा.

शेवटी प्रेक्षक. कसलाही अडथळा, अगदी संघाचा बाकसुद्धा, मैदानापासून किमान २ मीटर दूर हवा. आमच्याकडे फायनलला पोरं साईडलाईनवर मांडी घालून बसतात, पाय आत आणि चप्पल रेषेवर. सुरुवातीलाच उठवा. खेळ चालू असताना चेंडू त्यांच्यातल्या कोणाच्या गुडघ्याला लागला तर तो बाहेरच गेला, आणि ज्या संघाने शेवटचा हात लावला त्याच्याविरुद्ध निकाल द्यावा लागेल. तो संघ तुमच्यावर चिडेल, आणि चिडायला त्याला कारणही असेल.

३. खेळाडू बाहेर केव्हा?

जमिनीचं उत्तर सोपं आहे: अंगाचा कोणताही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर टेकला की बाहेर. एक पाय आत आणि एक रेषेवर, तरी बाहेर. एक पाय आत टेकलेला आणि दुसरा बाहेरच्या बाजूला हवेत, तर आत.

वस्तूचंही तसंच. दोन्ही पाय आत ठेवून पोराने एका हाताने बाहेरचा पोल धरला आणि दुसऱ्या हाताने चेंडू घेतला, तर तो बाहेर. पोलला वळसा घालून कट मारायची सवय असलेली मुलं हे नेहमी करतात. पण यात एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जुन्या पंचांनाही पटत नाही: माणूस ही वस्तू धरायची नाही. निळ्या संघातल्या पोराच्या हातात चेंडू आहे, त्याचे पाय आत आहेत, आणि त्याचा खांदा रेषेवर उभ्या असलेल्या पिवळ्या संघातल्या पोराला टेकला. निळा आतच आहे, खेळ चालू राहतो.

हवेत असलेल्या खेळाडूसाठी शेवटचा पाय कुठे होता ते बघायचं. आतून उडी मारली असेल तर तो उतरेपर्यंत आतलाच, मग तो दोन हात बाहेर तरंगत का असेना. बाहेरून उडी मारली असेल तर तो मैदानाच्या मधोमध हवेत असला तरी बाहेरचाच. परत आत येण्यासाठी त्याला आतल्या जमिनीवर पाय टेकवावा लागतो, आणि त्या वेळी दुसरा पाय बाहेर टेकलेला नसावा.

पंचालाही हाच नियम लागू आहे. तुम्ही आत उभे असाल आणि चेंडू तुमच्या पाठीत बसला, तर तो जमिनीला लागल्यासारखाच, खेळ चालू. तुम्ही रेषेबाहेर असाल तर चेंडू बाहेर गेला. म्हणून एंडलाईनवर उभं राहताना आपले पाय कुठे आहेत हे स्वतःला माहीत असू द्या.

४. चेंडू बाहेर कोणामुळे गेला?

मूळ नियम: बाहेर जाण्याआधी ज्या खेळाडूने चेंडूला शेवटचा स्पर्श केला, किंवा ज्याला चेंडू शेवटचा लागला, त्याने तो बाहेर घालवला. हेतू बघायचा नाही. समोरच्याने मुद्दाम पायावर मारला तरी पाय ज्याचा, चेंडू त्याच्यामुळे गेला.

आता एकच प्रसंग तीन तऱ्हांनी पाहू. निळ्या ७ नंबरने आतून झेप घेतली, बाहेर जाणारा चेंडू हवेतच पकडला आणि उतरण्याआधी फेकला.

पहिल्या तऱ्हेत तो चेंडू मैदानात आत उभ्या असलेल्या पिवळ्याच्या मांडीला लागून बाहेर जातो. शेवटचा स्पर्श पिवळ्याचा. थ्रो-इन निळ्याला. खेळाडूंना ही युक्ती चांगली माहीत असते, आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. फक्त जवळून तोंडावर जोरात मारणं खपवून घेऊ नका.

दुसऱ्या तऱ्हेत तो पिवळा स्वतःच रेषेवर पाय ठेवून उभा आहे. चेंडू त्याला लागला त्या क्षणीच बाहेर गेला, आणि बाहेर असलेल्या खेळाडूला चेंडू लागला तर तो त्याच्यामुळेच गेला असं मानतात. पुन्हा थ्रो-इन निळ्याला.

तिसऱ्या तऱ्हेत चेंडू बाकावर बसलेल्या पिवळ्या राखीव खेळाडूच्या पायाला लागतो. राखीव माणूस खेळात नाही, म्हणून त्याचा स्पर्श बाकाला किंवा भिंतीला लागल्यासारखाच. खेळातला शेवटचा स्पर्श निळ्या ७ चा. थ्रो-इन पिवळ्याला. पिवळ्याच्या बाकावरचे लोकच इथे सर्वांत जास्त गोंधळतात, कारण त्यांना वाटतं चेंडू आपल्याला लागला म्हणजे आपणच गेलो.

दुसऱ्या तऱ्हेचाच एक भाऊ आहे, आणि शाळेच्या सामन्यात तो जवळजवळ प्रत्येक वेळी भेटतो. पिवळ्याचा पास चुकला, चेंडू सरळ बाहेर चालला आहे. रेषेवर एक पाय ठेवून उभा असलेला निळा पोरगा उत्साहात तो पकडतो, थ्रो-इन आपलाच आहे म्हणून. चेंडू अजून जमिनीला लागलेला नव्हता. बाहेर असलेल्या निळ्याने त्याला हात लावला, म्हणून तो निळ्यामुळे गेला. थ्रो-इन पिवळ्याला. इथे प्रशिक्षक हमखास ओरडतो. तुम्ही शांतपणे रेषेवरच्या पायाकडे बोट दाखवा. लांबलचक समजावण्यापेक्षा ते पुरतं.

शेवटचा स्पर्श दोघांचा एकाच वेळी झाला, किंवा तुम्हाला दिसलाच नाही, किंवा दोन पंचांनी दोन दिशा दाखवल्या, तर ती जंप बॉलची परिस्थिती. सामन्याच्या सुरुवातीनंतर प्रत्यक्ष चेंडू उडवत नाहीत, टेबलावरचा बाण (अशा वेळी चेंडू कोणाचा ते दाखवणारा) ज्याच्याकडे त्याला थ्रो-इन. दोघांनी चेंडू घट्ट धरला आणि ओढाताणीत रेषेबाहेर गेले, तरी हेच. नव्या पंचाला 'मला दिसलं नाही' म्हणायची लाज वाटते आणि तो अंदाजाने हात करतो. बाणाची सोय त्याच्यासाठीच केलेली आहे, वापरा. पण दर दोन मिनिटांनी वापराल तर लोक ओळखतील की तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात.

आणि धक्का. साईडलाईनवर ड्रिबल करणाऱ्याला (चेंडू जमिनीवर आपटत नेणाऱ्याला) बचाव करणाऱ्याने कमरेने बाहेर लोटलं, तर रेषेचा प्रश्नच येत नाही. आधी झाला तो फाऊल. पंचाची नजर पायावर खिळलेली असेल तर हा धक्का निसटतो. म्हणून दोघे रेषेजवळ आले की दोघांच्या मधल्या जागेकडे पाहा, पाय तुम्हाला खालच्या कडेने दिसतातच.

५. रेषेवरून ड्रिबल

हातात चेंडू धरलेला खेळाडू रेषेवर आला की संपलं, त्यात वाद नाही. प्रश्न येतो ड्रिबलमध्ये, चेंडू हातातून सुटून जमिनीकडे निघाला आहे आणि त्या पावक्षणात पाय रेषेवर पडला. फिबाचं कलम चेंडूच्या बाजूने लिहिलेलं आहे: बाहेर असलेल्या खेळाडूला चेंडू लागला की चेंडू बाहेर. म्हणजे पुढचा हात लागायच्या आत पाय परत आत आला असेल, तर कलमाच्या शब्दांत उल्लंघन बसत नाही. अमेरिकन हायस्कूलच्या नियमांत मात्र ड्रिबल करणाऱ्याचा पाय रेषेवर पडला की चेंडू हातात असो वा नसो, उल्लंघन. दोन्हीकडचे व्हिडिओ पाहिलेली पोरं तुमच्यासमोर भांडतील. स्पर्धेआधी पंचांची बैठक होते, तिथे हा मुद्दा स्वतःहून काढा आणि सगळ्यांनी एकच वाचन धरा. सकाळच्या सामन्यात एक निर्णय आणि दुपारच्या सामन्यात दुसरा, असं झालं की जिल्हाभर बोभाटा होतो.

चेंडू वाचवणाऱ्याच्या परतीबद्दलही लोक गोंधळतात. निळ्याने हवेतून चेंडू आत फेकला, तो स्वतः बाहेर पडला, उठून आत आला आणि पुन्हा तोच चेंडू त्याच्याच हाती आला. बाहेर गेला होता म्हणून पहिला स्पर्श करायचा नाही, असा फिबाचा नियम नाही. दोनच गोष्टी तपासा. तो खरोखर आत आला होता का? आणि त्याने चेंडू पकडून फेकला असेल तर ते ड्रिबल धरलं जाईल: मध्ये चेंडू जमिनीला किंवा दुसऱ्या खेळाडूला लागलेला हवा, आणि त्याने आधीच ड्रिबल संपवलेलं असेल तर पुन्हा करता येणार नाही. चेंडू पकडलाच नव्हता, नुसता थापडला होता, तर ही दुसरी अडचण येत नाही.

६. आपणहून बाहेर गेलेला

आतापर्यंत चेंडूच्या मागे होतो. आता चेंडू दुसरीकडे असताना बाहेर जाणारा खेळाडू.

वेगात गेला आणि थांबता आलं नाही, चेंडू वाचवायला गेला, थ्रो-इन टाकून आत येतो आहे: यात काही नाही. त्याने लगेच आत यावं एवढीच अपेक्षा.

खरी लबाडी होते एंडलाईनवर. बास्केटखालच्या रंगीत चौकटीत हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूला सलग ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. हुशार उंच पोरगा दोन सेकंद थांबतो, एक पाऊल मागे एंडलाईनबाहेर टाकतो आणि पुन्हा चौकटीत शिरतो, मोजणी नव्याने सुरू होईल या हिशेबाने. फिबाचं याबाबत स्पष्टीकरण ठाम आहे: ३ सेकंद टाळण्यासाठी एंडलाईनवरून बाहेर जाऊन पुन्हा चौकटीत आला, तर ते ३ सेकंदांचंच उल्लंघन. बाहेर जाताना शिट्टी नाही, परत शिरल्यावर. एंडलाईनवर उभ्या पंचाला हे अगदी पुढ्यात दिसतं, फक्त त्याची नजर चेंडूमागे पळालेली नसावी.

दुसरा प्रकार म्हणजे गर्दी टाळायला बोर्डामागून, पोलच्या पलीकडून धावत दुसऱ्या कोपऱ्यात निघणं. अमेरिकेत विनाकारण मैदान सोडणं हे स्वतंत्र उल्लंघन आहे. फिबाच्या उल्लंघनांच्या कलमांत तसं वेगळं कलम नाही, म्हणून तिकडचा व्हिडिओ पाहून लगेच शिट्टी मारू नका. पहिल्यांदा खेळ चालू असतानाच खणखणीत आवाजात 'आत खेळ!' म्हणा. पुढच्या डेड बॉलला (खेळ थांबलेला असताना) कर्णधाराला बोलावून समज द्या. पंचाने दिलेली समज धुडकावणं हे टेक्निकल फाऊलच्या (वागणुकीबद्दलच्या फाऊलच्या) यादीत आहे. समज मिळाल्यावरही मुद्दाम तेच चाललं, तर हा मार्ग तुमच्याकडे आहे. आजवरच्या अनुभवाने सांगतो, शाळेच्या वयाच्या पोरांना पहिली हाक पुरते. आगाऊपणा असतो तो बहुतेक बाकावरच्या मोठ्यांचा.

खानदेशात आणखी एक मैदान सोडणारा असतो, तहानलेला. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, ऑक्टोबरची दुपारही काही कमी नसते, आणि सिमेंट खालून भाजतं. चौदा वर्षांखालचं पोरगं खेळ चालू असताना सरळ बाटलीकडे निघतं. त्यात खोड काढू नका. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवा की पाणी टाईमआऊटमध्ये किंवा बदली खेळाडू देऊन. पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाईमआऊट मिळतात, एकेक मिनिटाचे. बरेच प्रशिक्षक ते शेवटासाठी राखून ठेवतात आणि पोरं वाळतात. कोणी चक्कर येऊन बसलं तर रेषा-बिषा सोडा आणि खेळ थांबवा.

हाणामारी झाली तर बाकावरून उठून मैदानात धावणाऱ्यांना बाहेर काढलं जातं. फक्त मुख्य प्रशिक्षक आणि पहिला सहायक पंचांच्या मदतीला येऊ शकतात. सामन्याआधीच्या दोन वाक्यांत हेही सांगून टाका.

७. थ्रो-इन: बाहेर उभं राहायचा परवाना

नेस्मिथने १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ काढला, आणि १८९२ च्या जानेवारीत छापलेल्या तेरा नियमांत बाहेर गेलेला चेंडू जो पहिला हात लावेल त्याचा, असं होतं. पोरं चेंडूमागे कशी तुटून पडत असतील याची कल्पना करा. तो भाग पुढे रद्द झाला, पण आत टाकायला ५ सेकंद ही मुदत तेव्हापासून टिकून आहे.

५ सेकंद मोजणं पंचाचं काम, हात हलवून, दिसेल असं. चेंडू सर्वांत जवळच्या जागेवरून टाकायचा, फक्त बोर्डाच्या बरोबर मागून नाही. टाकणाऱ्याला बाजूला एकूण १ मीटर सरकता येतं. मागे मात्र जागा असेल तितकं. बास्केट झाल्यानंतरचा थ्रो-इन सोडून: तेव्हा एंडलाईनमागे हवं तिथे पळता येतं, मागेच असलेल्या सहकाऱ्याला पासही देता येतो.

'सर, त्याचा पाय लाईनवर!' ही थ्रो-इनवरची नेहमीची आरोळी. पाय रेषेवर असू दे. नियम मनाई करतो ती चेंडू हातात असताना मैदानात पाय टाकायला, आणि रेषा मैदानात नाही हे आपण पाहिलं. पट्टी ओलांडून आतल्या सिमेंटवर पाय टेकला तरच शिट्टी.

टाकून झाल्यावरची चूक मात्र फार सर्रास होते. निळा थ्रो-इन टाकतो, सहकारी लगेच परत त्याच्याकडे देतो, आणि याचा एक पाय अजून रेषेवर. झाला बाहेर, थ्रो-इन पिवळ्याला. टाकणारा आत कसा येतो ते शेवटपर्यंत पाहा. नवा पंच चेंडू सुटला की पाठ फिरवून पळायला लागतो, आणि हे त्याच्यामागे घडतं. त्याने टाकलेला चेंडू दुसऱ्या कोणालाही लागण्याआधी मैदानात स्वतःच हात लावला, तरी उल्लंघन. चेंडू कोणालाच न लागता थेट बाहेर गेला, तर विरुद्ध संघाला मूळ जागेवरून थ्रो-इन.

बचाव करणाऱ्याचं अंग रेषेपलीकडे येता कामा नये, चेंडू रेषा ओलांडेपर्यंत. आमच्या अरुंद मैदानांत, जिथे रेषेमागे २ मीटर मोकळी जागा नाही, तिथे त्याने १ मीटर दूर उभं राहायचं. चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या २ मिनिटांत पंच यासाठी खूण करून आधीच बजावतो, आणि तरी हात पुढे आला तर टेक्निकल.

चेंडू बाहेर जाऊन थ्रो-इन त्याच संघाला मिळाला तर शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत मोजणारं घड्याळ) नव्याने सुरू होत नाही, थांबला तिथूनच पुढे. घड्याळ नसेल आणि टेबलावर कोणी हातघड्याळाने मोजत असेल, तर त्याला हे आठवणीने सांगा.

८. कुठे उभं राहायचं, हात कसा करायचा

दोन पंच असतील तर एक बास्केटच्या एंडलाईनवर, लीड, आणि दुसरा मागून, ट्रेल. लीडकडे एंडलाईन आणि त्याच्या जवळची साईडलाईन. ट्रेलकडे त्याच्या बाजूची साईडलाईन आणि मध्यरेषा. रेषा ज्याची, शिट्टी त्याची. रेषेच्या सरळीत डोळा ठेवा, तिरक्या कोनातून टाच रेषेवर आहे की चार बोटं आत, हे ओळखता येत नाही. संध्याकाळी सूर्य एका टोकाला खाली येतो तेव्हा पांढरी रेषा चमकून नाहीशी होते. त्या बाजूच्या पंचाने अर्धं पाऊल सरकून सावली शोधावी.

क्रम असा: शिट्टी, लगेच उघडा पंजा वर, बोटं जुळलेली (मूठ वर केलीत तर तो फाऊल झाला), मग श्वासभर थांबून जोडीदाराकडे एक नजर, आणि नंतरच दिशा. दिशेसोबत रंग मोठ्याने उच्चारा: 'निळा!' ती श्वासभराची विश्रांती फार कामाची आहे. जोडीदाराला वेगळं दिसलं असेल तर तो त्याच क्षणी मान हलवतो, आणि दोन पंच दोन दिशांना हात करून उभे राहिलेत असा तमाशा टळतो.

मोठ्या स्पर्धांत शेवटच्या २ मिनिटांत चेंडू कोणामुळे गेला ते पंच व्हिडिओवर पाहू शकतात. जिल्ह्याच्या मैदानावर बाजूच्या पोराचा मोबाईल म्हणजे तो व्हिडिओ नव्हे, कितीही जण तो नाकासमोर धरोत.

९. सरावाला काय करायचं

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शाळेतल्या चार पोरांना संध्याकाळी थांबवा. दोघांना साईडलाईनवर चेंडूसाठी झुंजू द्या, तिसऱ्याला बाहेर बाकावर बसवा, चौथ्याला रेषेच्या सरळीत मोबाईल घेऊन उभं करा. तुम्ही तुमच्या जागेवरून निर्णय द्या आणि दर पाच-सहा चेंडूंनंतर व्हिडिओ पाहा. मग जागा बदला: तिरक्या कोनातून उभे राहा आणि किती निर्णय उलटतात ते बघा. नंतर थ्रो-इन आणि लगेच परत पास, एवढंच करून घ्या, आणि नजर फक्त टाकणाऱ्याच्या मागच्या पायावर ठेवा. शेवटी एकाला चौकटीत उभं करून एंडलाईनवरून आत-बाहेर खेळू द्या, आणि तुम्ही मनात ३ सेकंद मोजत त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यातला चेंडूही सांभाळून पाहा. हा शेवटचा सराव पहिल्या दिवशी जमत नाही. दोन-तीन संध्याकाळी द्या.